गुरुवारी कल्चर लावायचं नसतं

पहाटे ४:४५, बदलापूर पूर्व

रात्री भिजत घातलेला राजमा उपसून कुकरला लावला. बाकीच्या बायका चार शिट्ट्या सांगतात, मी सहा देते. अर्धवट शिजलेला राजमा पोटात गेला तर उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. त्याला कारण राजम्यातलं फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन. स्वयंपाकघरात मी ज्याचा शिट्टीगणिक काटा काढते, त्याच्याच जिवावर माझी सव्वीस वर्षांची नोकरी चालली आहे. लॅबमध्ये आम्ही त्याला नुसतं पीएचए म्हणतो.

रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी एरवी निवांत असतात, विभागत नाहीत. आणि पेशी विभागायला लागल्याशिवाय तिच्यातली गुणसूत्रं सुटी दिसत नाहीत. पीएचए पडलं की त्या कामाला लागतात. हे अमेरिकेत पीटर नॉवेल यांच्या लक्षात आलं १९६० मध्ये. तोवर राजम्याचा हा अर्क तांबड्या पेशींच्या गाठी करून त्या बाजूला काढण्यापुरता वापरत. तेव्हापासून गुणसूत्रं बघायला हाडातला मगज किंवा कातडीचा तुकडा काढायची गरज उरली नाही, थोडंसं रक्त पुरतं.

डबा भरला. बाहेर जुलैचा पाऊस, काल रात्रीपासून न थांबलेला. रेनकोट, छत्री, आणि नदीचं पाणी किती चढलंय याची सोसायटीच्या ग्रुपवर चौकशी. उल्हास नदी चढली की आमची गाडी अडते, हे बदलापुरात लहान पोरालाही कळतं.

सकाळी ६:१०, लेडीज डबा

बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. गाडी इथूनच सुटते, म्हणून बसायला मिळेल असं कुणाला वाटत असेल तर तो नवा आहे. अंबरनाथच्या बायका डाऊन करून, म्हणजे उलट्या गाडीने इथवर येऊन, आधीच खिडक्या धरून बसलेल्या असतात. मला चौथी सीट मिळाली, म्हणजे अर्धं शरीर सीटवर आणि अर्धं वाटेत. अंबरनाथला आमची ट्रेनी चढली. चोवीस वर्षांची पोर, एम.एस्सी. झालेली. उल्हासनगरला नेहमीची रेटारेटी झाली. विठ्ठलवाडी गेलं, कल्याण आलं.

या रुळांवर माझी एक मोठी आठवण आहे. २६ जुलै २००५, पुराचा मंगळवार. आदल्या दिवशी, सोमवारी, आम्ही पाच बाळांच्या रक्ताची कल्चर लावली होती, म्हणजे पेशी वाढायला ठेवल्या होत्या. ती गुरुवारी काढायची. गुरुवारी मी बदलापुरात पाण्याने वेढलेली, दुसरी सहकारी डोंबिवलीत अडकलेली, गाड्या बंद. इनक्युबेटरमधल्या पेशींना पूर कळत नाही, त्या आपल्या वेळेवर विभागून मोकळ्या झाल्या. पाची बाळांना पुन्हा सुई टोचावी लागली. तेव्हापासून मी आठवड्याचे वार पंचांगासारखे पाहते.

सकाळी ८:००, परळ

दादरला उतरून स्लो गाडीने परळ. केईएम, टाटा, वाडिया, हाफकिन, सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. गिरण्या गेल्या, पण परळमध्ये पाळीवर येणारी माणसं अजून आहेत. आता ती स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या आजारापायी येतात.

आमची लॅब सायटोजेनेटिक्सची. म्हणजे पेशीतली गुणसूत्रं मोजायची, जोड्या लावायच्या, कुठे काही कमी-जास्त किंवा उलटसुलट झालंय का बघायचं. रक्ताचं कल्चर ७२ तासांचं असतं. सोमवारचं गुरुवारी, मंगळवारचं शुक्रवारी, बुधवारचं शनिवारी निघतं. गुरुवारी लावलं तर रविवारी काढावं लागतं, आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. म्हणून इनक्युबेटरच्या दारावर कुणीतरी फार वर्षांपूर्वी स्केचपेनने लिहून ठेवलंय : गुरुवारी कल्चर लावायचं नाही. आज गुरुवार.

सकाळी ९:००, कोल्सेमिड

सोमवारी लावलेल्या बाटल्यांत कोल्सेमिडचे थेंब टाकले. विभागणाऱ्या पेशीत गुणसूत्रं दोन टोकांना ओढायला बारीक दोर तयार होतात. हे औषध ते दोर होऊच देत नाही. पेशी ऐन मध्यावर थबकते, गुणसूत्रं आखूड, जाड, मोजता येतील अशी.

कोल्सेमिड हा कोल्चिसिनचा सौम्य भाऊ. कोल्चिसिन मूळचं युरोपातल्या एका फुलझाडाचं, पण ते आपल्याकडच्या कळलावीतही असतं. पावसाळ्यात बारवी धरणाच्या रस्त्याला कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं दिसतात, तीच. बाळंतपणाच्या कळा लावायला तिचा कंद वापरत, म्हणून कळलावी. विषारी झाड, हात लावू नका म्हणून आजी ओरडायची. कळा लावणाऱ्या झाडाचं द्रव्य पेशीचं बाळंतपण अडवतं, हे मी ट्रेनीला सांगितलं तेव्हा ती हसली आणि तिने वहीत लिहून घेतलं.

सकाळी १०:००, पाणी पाजणं

सेंट्रिफ्यूजमधून नळ्या काढल्या, वरचं पाणी ओतलं, तळाच्या पेशींवर पोटॅशियम क्लोराइडचं पातळ, कोमट द्रावण घातलं. आमच्या भाषेत पेशींना पाणी पाजणं. पेशी टम्म फुगते आणि आतली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटतात.

ही युक्ती एका चुकीतून सापडली. १९५२ मध्ये टेक्सासात टी. सी. शू नावाचे शास्त्रज्ञ माणसाच्या पेशी बघत होते. एके दिवशी स्लाइडवर गुणसूत्रं कधी नव्हेत इतकी सुटी पसरलेली दिसली. शोध घेता घेता कळलं की धुण्याचं द्रावण कुणा मदतनीसाकडून ठरल्यापेक्षा पातळ झालं होतं. तो मदतनीस कोण, ते शेवटपर्यंत समजलं नाही. मला या गोष्टीचा फार आधार वाटतो. गंमत अशी की इतकं स्वच्छ दिसूनही शू यांनी आकडा जुनाच धरला : ४८. पुस्तकात तोच होता ना! माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हे १९५६ मध्ये स्वीडनमधल्या लुंडहून जो-हिन टिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी छापलं. डोळ्यांना ४६ दिसत असताना पुस्तकातले ४८ मोजू नयेत, हे मी प्रत्येक ट्रेनीला पहिल्या दिवशी सांगते.

सकाळी ११:१५, थेंब

तीन भाग मिथेनॉल, एक भाग ॲसेटिक ॲसिड. खोलीभर व्हिनेगरसारखा वास. त्यात धुतलेल्या पेशींचा एक थेंब गार, ओल्या स्लाइडवर वीतभर उंचीवरून सोडायचा. कितीही यंत्रं आली तरी हे काम हाताचं. आणि हवेचं. कोरड्या हवेत थेंब झटकन सुकतो, पेशी उलगडतच नाही, गुणसूत्रं एकमेकांवर चढून बसतात. पावसाळी हवेत थेंब सावकाश सुकतो आणि ती छान पसरतात. पण आजच्यासारखा धो धो पाऊस असला तर इतकी पसरतात की एका पेशीतलं एखादं शेजारच्या पेशीत जाऊन पडतं. मग एकीकडे ४५, दुसरीकडे ४७, आणि बघणाऱ्याची धांदल. म्हणून आज स्लाइड किंचित गरम फळीवर ठेवल्या. या स्लाइडवर उद्या ट्रिप्सिन आणि गिम्सा नावाचा रंग चढेल, मग गुणसूत्रांवर पट्टे दिसतील.

दुपारी १२:१०, हिरवी टोपी

रिसेप्शनवरून हाक आली. तिशीचा एक माणूस, उल्हासनगर कॅम्प चारचा, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. हातातल्या डब्याच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेली नळी. त्याच्या अठरा दिवसांच्या मुलीचं रक्त.

हे रक्त मंगळवारी एकदा येऊन गेलं होतं, जांभळ्या टोपीच्या नळीत. त्या नळीत ईडीटीए असतं, सीबीसीला ते चालतं, पण त्यात पेशी नीट वाढत नाहीत. आम्हाला हिरव्या टोपीची, सोडियम हेपॅरिनची नळी लागते. पाठवणाऱ्या नर्सिंग होमला फोन केला, त्यांनी पुन्हा रक्त काढलं, आणि या वेळी बापाने ते कुरियरवर न सोडता स्वतः आणलं. सोबतच्या चिठ्ठीवर घाईच्या अक्षरात ‘मंगोल फेस?’ असं लिहिलेलं. जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ मध्ये या मुलांचं वर्णन करताना एका अख्ख्या लोकसमूहाचं नाव त्यांना चिकटवलं. १९६१ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून ते बदला म्हटलं, १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने ते सोडलं. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर ते अजून अधूनमधून येतं. मी रजिस्टरमध्ये ‘डाउन सिंड्रोमचा संशय’ असं लिहिलं.

तो म्हणाला, “मॅडम, हमारे में शादी के पहले थॅलेसेमिया का टेस्ट करते है. आम्ही दोघं पण निगेटिव्ह. तरी पण हे कसं झालं?”

उल्हासनगरात हा प्रश्न येणारच. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक बरेच, त्यामुळे लग्नाआधीची तपासणी तिथे अनेक घरांत पाठ झालेली. त्याने एक परीक्षा पास केली होती, आणि आता दुसऱ्याच विषयात नापास झाल्यासारखा चेहरा करून उभा होता. मी सांगितलं, थॅलेसेमिया म्हणजे जनुकातली एक चूक, ती आई आणि बाप दोघांकडून आली की मूल आजारी पडतं. डाउन सिंड्रोममध्ये जनुकं धडधाकट असतात. एकविसावं गुणसूत्र दोनच्या ऐवजी तीन होतं, एवढंच. आणि बहुतेक वेळा ते कुणाच्या घराण्यातून येत नाही, वाटणीच्या वेळी घडतं.

“बहुतेक वेळा?”

बरोबर शब्द पकडला. “म्हणूनच तपासायचं,” मी म्हटलं.

“आज लावणार ना?”

मी इनक्युबेटरच्या दाराकडे पाहिलं. “तुम्ही बसा जरा, चहा घ्या,” एवढंच बोलले.

दुपारी १:००, डबा

राजम्याची उसळ, भात, ट्रेनीने आणलेली भेंडी. तिने विचारलं, “ताई, ते जादा गुणसूत्र बंद करता येणार नाही का?” प्रयत्न झालाय. बायकांच्या पेशीत दोन एक्स असतात, त्यातलं एक एक्सआयएसटी नावाचं जनुक गप्प करून टाकतं. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जीन लॉरेन्स यांच्या गटाने तेच जनुक तिसऱ्या एकविसाव्यावर बसवलं, आणि ते गुणसूत्र गप्प झालं. पण हे झालं काचेच्या बशीतल्या पेशींत. चालत्याबोलत्या मुलाच्या अब्जावधी पेशींपर्यंत पोचायला वाट लांब आहे. संशोधनाचा दुसरा धागा मेंदूचा. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं द्रव्य ज्या जनुकामुळे बनतं ते एपीपी एकविसाव्यावरच बसलेलं आहे. त्यामुळे डाउन सिंड्रोमच्या माणसांत तो आजार लवकर दिसतो, आणि त्यांच्यामुळे आपल्या सगळ्यांच्या म्हातारपणाचा अभ्यास पुढे जातोय.

दुपारी १:४०, मायक्रोस्कोप

लेन्सवर तेलाचा थेंब, खोलीत दिवा मंद. मागच्या आठवड्याच्या स्लाइड आज बघायच्या. एका माणसाच्या २० पेशी मोजायच्या. माझ्या सुरुवातीच्या काळात फोटो काढून, कात्रीने एकेक गुणसूत्र कापून पुठ्ठ्यावर जोड्या चिकटवायचो. पंखा लावायची बंदी, एक कपटा उडाला तर तपास करत बसा. आता सॉफ्टवेअर जोड्या लावून देतं, आम्ही त्याच्या चुका काढतो.

एकविसावं इवलंसं असतं. आखूड काठी, एका टोकाला बारीक बोंड, आणि मानेखाली एक गडद पट्टा. बाविसावं जवळपास तेवढंच, पण फिकट. क्रमांक आकारावरून दिले, मोठ्याला एक, मग उतरत. पुढे नीट मोजल्यावर कळलं की सगळ्यात लहान बाविसावं नसून एकविसावंच आहे. पण तोवर डाउन सिंड्रोमशी २१ हा आकडा जोडला गेला होता, तो तसाच ठेवला. २१ मार्चला, म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या एकविसाव्या तारखेला, जागतिक डाउन सिंड्रोम दिवस असतो तो या ‘तीन एकविसां’मुळे. २००० च्या मे महिन्यात जपानी आणि जर्मन शास्त्रज्ञांनी या गुणसूत्राचा पूर्ण मजकूर वाचला तेव्हा त्यांना त्यावर २२५ जनुकं सापडली. पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर दोन हजारांच्या घरात आहेत. सामान इतकं कमी, म्हणूनच ते तिप्पट झालं तरी मूल जन्माला येऊ शकतं.

पहिली स्लाइड : ४७, ४७, ४७. विसाच्या वीस. दुसरी स्लाइड : ४६. डॉक्टरांनी बाळ बघून डाउन लिहिलेलं, आणि इथे आकडा बरोबर. घाई करणारा ‘नॉर्मल’ लिहून मोकळा होईल. मी ट्रेनीला खुर्ची दिली. तिने दहा मिनिटं घेतली, मग म्हणाली, “ताई, एक चौदावं जड आहे.” बरोबर. चौदाव्याच्या पाठीवर एकविसावं बसलेलं. शंभरातल्या तीन-चार मुलांत असं असतं, साधारण पंचाण्णवांत सुटं तिसरं, उरलेल्यांत काही पेशी ४६ च्या आणि काही ४७ च्या. चेहरा तिघांचा सारखा, पुढचा सल्ला मात्र वेगळा. कारण हे चिकटलेलं गुणसूत्र आई किंवा बापाकडून आलेलं असू शकतं. ते स्वतः ठणठणीत असतात, पण पुढच्या मुलाच्या वेळी पुन्हा तोच धोका उभा राहतो. चेहऱ्यावरून निदान झालेलं असतानाही कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांचा हा जोडीवार तक्ता, का करायचा, याचं उत्तर त्या जड चौदाव्यात आहे. मी आई-वडिलांचं रक्त मागवायची नोंद केली.

तिसरी स्लाइड गर्भजलाची. भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ मध्ये देशात सगळ्यांच्या आधी केला, देशाचा १९९४ मध्ये आला. आम्हाला एक्स-वाय डोळ्यांपुढे लख्ख दिसतात. रिपोर्टात त्यांचा उल्लेख नाही, आणि घरी जाताना ते माझ्याबरोबर येत नाहीत. इतक्या वर्षांत ती सवयच लागली आहे.

दुपारी ३:१५, समुपदेशनाची खोली

आमच्या जेनेटिसिस्ट मॅडम कधी कधी चित्र दाखवायला मला बोलावतात. आज पहिल्या स्लाइडचं कुटुंब होतं, अंबरनाथचं. चार महिन्यांचं बाळ, तेवीस वर्षांची आई, आणि सासूबाई. मुलाचे वडील रजा न मिळाल्याने आले नव्हते.

मी कागद पुढे केला. जोड्या ओळीने मांडलेल्या, एकविसाव्याच्या घरात तीन. सासूबाई म्हणाल्या, “डाऊन म्हणजे खालचं का हो?”

“नाही आजी. ज्या डॉक्टरने आधी लिहिलं त्याचं आडनाव.”

“ग्रहणात हिने भाजी चिरली होती. मी सांगितलेलं.”

सून बाळाच्या टोपऱ्यावरून नजर काढेना. मॅडमनी खुर्ची सासूबाईंकडे वळवली. “आजी, ही तुमची सून तिच्या आईच्या पोटात होती ना, तेव्हाच हिच्या आयुष्यभराची बीजं हिच्या अंगात तयार झाली. त्या बीजांत गुणसूत्रांच्या जोड्या हात धरून थांबल्या. बावीस-तेवीस वर्षं थांबल्या. हात सोडायची वेळ आली तेव्हा एका जोडीने सोडला नाही. एवढंच झालं. ग्रहणाला त्यात शिरायला जागा कुठे आहे? सगळ्यांच्याच बीजांत अशा चुका होतात, तुमच्याही झाल्या असतील. बहुतेक गर्भ टिकत नाहीत, पाळी लांबली एवढंच कळतं. हा टिकला.”

जादा गुणसूत्र दहात सुमारे नऊ वेळा आईच्या बीजातून आलेलं असतं. ही माहिती छापील आहे आणि खरी आहे. पण हेच वाक्य एखाद्या घरात सुनेच्या डोक्यात घालायला दगडासारखं वापरलं जातं, हे मी पाहिलंय. मॅडमनी ते लपवलं नाही, फक्त चूक बाईच्या हातातून काढून बीजात ठेवली, जिथे ती खरोखर असते.

आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. “मला तर तेवीसच. हे पस्तिशीनंतर होतं ना?” वयाबरोबर शक्यता वाढते, मॅडमनी सांगितलं. पस्तिशीला साधारण साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक. पण बाळंतपणं जास्त तरुण मुलींची होतात, म्हणून अशी बाळंही जास्त त्यांच्याच पोटी येतात. पुढच्या वेळी सुमारे शंभरात एक धोका, आधी तपासता येतो. मग कामाच्या गोष्टी : निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो म्हणून टूडी इको, थायरॉइड, कान, डोळे, आणि अंगात जोर यावा म्हणून आतापासून व्यायाम. पुण्याच्या गौरी गाडगीळचं नावही निघालं. डाउन सिंड्रोम असलेली, पोहण्यात नाव काढलेली मुलगी, २०१४ च्या ‘यलो’ चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली. सासूबाईंनी तो टीव्हीवर पाहिला होता. “ती?” म्हणाल्या, आणि बाळाचं टोपरं जरा मागे सारून त्याच्याकडे नीट बघितलं.

दुपारी ४:३०

रिपोर्टावर सही केली. ‘४७, एक्सवाय, +२१’. खाली माझं नाव, त्याखाली मॅडमचं. सही करताना मला हमखास मार्त गोतिए आठवतात. डाउन सिंड्रोममध्ये एक गुणसूत्र जादा असतं हे पॅरिसमध्ये सापडलं ते त्यांनी वाढवलेल्या पेशींत. कल्चरसाठी लागणारं सीरम त्या स्वतःच्या रक्तातून काढत. फोटोची सोय नव्हती म्हणून स्लाइड झेरोम लेजून यांच्याकडे दिल्या. जानेवारी १९५९ मध्ये निबंध छापून आला, त्यात लेजून यांचं नाव पहिलं, गोतिए यांचं दुसरं, आणि तेही स्पेलिंग चुकलेलं. मी आमच्या ट्रेनीचं नाव रजिस्टरमध्ये पूर्ण लिहिलं, जड चौदाव्याच्या ओळीत.

या रिपोर्टात नमुना, पद्धत, मोजलेल्या पेशी, निष्कर्ष असे सगळे रकाने आहेत. ‘कुणाचा दोष नाही’ असा रकाना नाही. सव्वीस वर्षं झाली, लोक त्याच एका ओळीसाठी येतात आणि ती तोंडी सांगावी लागते.

बाहेर उल्हासनगरचा बाप अजून बाकावर होता. चार तास झाले होते. रक्त शुक्रवारपर्यंत टिकलं असतं, उद्या लावता आलं असतं. पण एकदा परत पाठवलेलं रक्त होतं ते, आणि त्याने ‘बहुतेक वेळा’ हे शब्द धरून ठेवले होते. हिरवी टोपी उघडली. पाच मिली माध्यम, अर्धा मिली रक्त, पीएचए. झाकण, तारीख, वेळ : गुरुवार, ४:५०. ट्रेनी माझ्याकडे बघत राहिली, मग दारावरच्या अक्षरांकडे.

“रविवारी मी येईन,” मी म्हटलं.

संध्याकाळी ५:५०, परतीची गाडी

दादरहून बदलापूर फास्ट. डब्यात कुणी मटार सोलतंय, कुणी पोथी वाचतंय. फलाटावर घोषणा झाली, ‘डाउन दिशेची’ गाडी पंधरा मिनिटं उशिरा. सासूबाईंचा प्रश्न आठवला. आमच्या लायनीवर डाऊन म्हणजे घराकडे जाणारी. दुपारी हे सुचलं नाही.

उल्हासनगरला तोच माणूस पुढच्या डब्यातून उतरताना दिसला. रिकामी पिशवी डोक्यावर धरून पावसात पळाला.

रात्री ८:३०, बदलापूर

जेवणं झाली. नवऱ्याला सांगितलं, रविवारी मला जायचंय. “रविवारी? ब्लॉक असेल.” फोनवर वेळापत्रक काढून दिलं त्याने : कल्याणपर्यंत रिक्षा, पुढे मिळेल ती. ७२ तास म्हणजे रविवार ४:५०, कोल्सेमिड तासभर आधी. उलटं मोजत आले तर घरून साडेबाराला निघायला हवं.

पाऊस थोडा उतरला होता. परळला ३७ अंशांवर, एका बाटलीत, अठरा दिवसांच्या त्या मुलीच्या पेशी एव्हाना हलायला लागल्या असतील. उद्याच्या डब्याला मटकी भिजत घातली.